शिक्कामोर्तब कुठले?



‘गणवेशाचा वाद मिटला’ या पत्रात सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील शाळा-कॉलेजांतल्या हिजाबबंदीवर शिक्कामोर्तब केल्याचे म्हटले आहे. साफ चूक. बंदी उचलून धरली ती कर्नाटक उच्च न्यायालयाने, १५ मार्च २०२२ रोजी. सर्वोच्च न्यायालयात त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला न्या. हेमंत गुप्ता आणि न्या. सुधांशु धुलिया यांचे एकमत झाले नाही. प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेले.

शिस्त हवी, मान्य. पण फेब्रुवारी २०२२मध्ये कुंदापूरच्या सरकारी कॉलेजच्या बंद फाटकाबाहेर ताटकळलेल्या मुलींचा गणवेशाला विरोध नव्हता; हवे होते ते वर फक्त डोक्याचे वस्त्र. मनगटातले गंडेदोरे, कपाळावरचे टिळे ‘समानते’त बसतात, तर हे का नाही? शिवाय परीक्षा तोंडावर होत्या, हे पत्रलेखक सोयीस्कर विसरतात.



एक पालक, मल्लेश्वरम, बेंगळुरू