मूळ फाइल आणि मनाईची पाटी

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी शहर बंद होते. दगडफेक झाली, गाड्या आणि दुकाने जळाली, जमावबंदी लागली आणि रात्रीपर्यंत धरपकड सुरू झाली. अटक झालेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हे कायद्याचे विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे कारण नोंदले होते. मुख्यमंत्र्यांनी मात्र चित्रणाचा हवाला देत मारहाणीचा पुरावा दिसत नसल्याचे विधानसभेत सांगितले. पुढे ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. परभणी जिल्ह्यात कॅमेऱ्यावर पोट भरणाऱ्या प्रत्येकाने त्यातली एक गोष्ट मात्र आजच लक्षात घ्यायला हवी. दगडफेक कोणी केली याचे उत्तर पोलीस चित्रणात शोधत होते. वस्तीत शिरून पोलिसांनी काय केले याचे उत्तर रहिवासी मोबाइलमधल्या चित्रफितींत दाखवत होते. कोठडीत काय घडले, या प्रश्नातही सीसीटीव्ही आलाच. एका शहराच्या आठवड्याभराच्या इतिहासावर दोन्ही बाजू चित्रणाच्या आधारे भांडत होत्या. अशा वेळी चौकात उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला ‘कॅमेरा खाली घे, काढलेलं डिलीट कर’ असे कोणी दरडावले, तर तो हुकूम फक्त त्याच्या पोटावर पाय देत नाही. उद्याच्या न्यायालयासमोरचा कागदच तो फाडून टाकतो.

म्हणून पहिला प्रश्न असा : मनाई कोणाची आणि कशाच्या आधारावर?

सार्वजनिक रस्त्यावर, चौकात, बाजारात फोटो काढण्यासाठी आगाऊ परवानगी घ्यावी, असा सरसकट कायदा भारतात नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) मधले अभिव्यक्तिस्वातंत्र्य छायाचित्रालाही लागू आहे. त्यावर बंधने येतात. राज्याची सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांसारखी त्यांची कारणे १९(२) मध्ये लिहिलेली आहेत. पण ते बंधन कायद्याने घातलेले असावे लागते. जिल्हा दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली आदेश काढू शकतात. हे जुने कलम १४४. हा आदेश लेखी असतो, त्यात कारण असते आणि साधारणपणे तो दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणावाच्या काळात मुंबई पोलिसांनी ड्रोन उडवण्यावर बंदी घातली ती याच मार्गाने. तो आदेश वाचता येत होता, त्याची मुदत ठरलेली होती आणि न्यायालयात त्याला आव्हानही देता आले असते. तोंडी धमकावणीत यातले काहीच नसते.

छायाचित्रकाराला गप्प बसवण्यासाठी सर्वांत जास्त वेळा ज्याचे नाव घेतले जाते तो कायदा १९२३ चा आहे, शासकीय गुपिते अधिनियम. तो गंभीर आहे. संरक्षणविषयक हेरगिरीला त्यात १४ वर्षांपर्यंत कैद आहे. पण त्यातले ‘प्रतिबंधित स्थान’ म्हणजे काय, हे कलम २(८) मध्ये नेमके सांगितले आहे : शस्त्रागारे, लष्करी, नौदल आणि हवाई दलाचे तळ, आणि केंद्र सरकारने अधिसूचना काढून जाहीर केलेल्या जागा. वर्ध्याच्या एका पोलीस ठाण्यात वादाचे चित्रण केल्याबद्दल एका नागरिकावर याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. जुलै २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने तो रद्द केला, कारण पोलीस ठाणे त्या व्याख्येत बसतच नाही. पुढे अहमदनगर जिल्ह्यातल्या पाथर्डी ठाण्यात पोलिसांशी झालेले बोलणे ध्वनिमुद्रित केल्याचे प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे आले. २०२४ मध्ये न्यायमूर्ती विभा कंकणवाडी आणि न्यायमूर्ती एस. जी. चपळगावकर यांनीही हेच सांगितले आणि शासकीय गुपिते कायद्याची कलमे रद्द केली. परभणी जिल्हा याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. त्यामुळे जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडच्या ठाण्यात कोणी हा कायदा पुढे केला, तर ‘पाथर्डीचा निकाल’ हे दोन शब्द तोंडपाठ असलेले बरे. त्या प्रकरणात इतर आरोपांचा प्रश्न मात्र तिथेच संपला नाही. चित्रण करताना धमकी दिली, अंगावर धावून गेले किंवा कामात अडथळा आणला, तर तो गुन्हा स्वतंत्र ठरतो. कॅमेरा हातात आहे म्हणून त्यातून कोणाची सुटका होत नाही.

दुसऱ्या प्रकारची मनाई जागेच्या मालकाची. परभणी जंक्शन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते. तिथे व्यावसायिक चित्रीकरण करायचे तर रेल्वेची परवानगी लागते आणि शुल्कही पडते. रुळांवर उतरून प्री-वेडिंगचे फोटो काढणे हा तर सरळ गुन्हा आहे. रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यात नवरानवरीच्या जिवाला धोका आहे. केंद्रीय पुरातत्त्व विभागाने जुलै २०१८ मध्ये अजिंठा लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली कबर एवढे सोडून आपल्या सगळ्या स्मारकांत छायाचित्रणाला मोकळीक दिली. पण मॉडेल, दिवे आणि ट्रायपॉड घेऊन केलेले व्यावसायिक शूट ही वेगळी बाब आहे. चारठाण्याच्या मंदिरांपाशी शूट ठरवणाऱ्याने जागा कोणाच्या ताब्यात आहे हे आधी विचारून घ्यावे. धरणांवर तर ही चौकशी हवीच. येलदरीसारख्या, वीजनिर्मिती होणाऱ्या धरणाच्या सुरक्षेची काळजी खरी आहे. मनाईची पाटी दिसली की शूट थांबवावे आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन ती कोणत्या आदेशाने लागली ते लेखी विचारावे. फाटकावरच्या पहारेकऱ्याशी वाद घालून काहीच हाती लागत नाही.

ड्रोनवाल्यांसाठी नियम अधिक नेमके आहेत. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाची हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या पट्ट्यांत वाटणी केली. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाची वेगळी परवानगी लागत नाही. पण २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन लग्नाच्या ऑर्डरसाठी उडवायचा तर त्याची नोंदणी, चालकाचे प्रमाणपत्र आणि तृतीय पक्ष विमा, तिन्ही लागतात. पैसे घेतले की ते काम व्यावसायिक झाले, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात शेजारच्या बीड जिल्ह्यात रात्री फिरणाऱ्या ड्रोनच्या धास्तीने लोकांनी जागून पहारे दिले. अशा वातावरणात वरातीवर न सांगता ड्रोन सोडणारा स्वतःला आणि आपल्या व्यवसायबंधूंना अडचणीत आणतो. वरातीच्या आदल्या दिवशी ठाण्यात आणि सरपंचांना एक पत्र देऊन ठेवायला पाच मिनिटे लागतात.

आता ‘डिलीट कर’ या हुकमाविषयी. काढलेला फोटो जागच्या जागी पुसायला लावण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने पोलिसाला दिलेला नाही. फोटो गुन्ह्याशी संबंधित असेल तर तो जपायला हवा. पुरावा म्हणून लागणारा इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. आणि तो गुन्ह्याशी संबंधित नसेल तर पुसायला लावायचे कारण काय? पोलीस कॅमेरा जप्त करू शकतात, पण त्याची रीत ठरलेली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०५ सांगते की, झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण झाले पाहिजे, वस्तूंच्या यादीवर साक्षीदारांच्या सह्या हव्यात आणि ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे गेले पाहिजे. राज्याने स्वतःच्या कामासाठीही कॅमेरा साक्षीला घेतला आहे. तेव्हा कॅमेरा मागितला गेला तर छायाचित्रकाराने झटापट करू नये. बॉडी, लेन्स आणि कार्ड यांचे क्रमांक लिहिलेला पंचनामा मागावा, त्याची प्रत घ्यावी आणि पासवर्ड देण्याआधी वकिलाशी बोलावे.

मूळ फाइल का जपायची, याचा सर्वांत मोठा धडा परभणीच्या शेजारी जालन्यात घडला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निकाल कायम केला आणि सबंध देशासाठी नियम घालून दिला. मूळ उपकरण न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर वेगळे प्रमाणपत्र नको. प्रत सादर करायची असेल तर प्रमाणपत्र हवेच. आता हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. फाइलमध्ये एक पिक्सेल बदलला तरी हा आकडा बदलतो. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या क्लिपचा आकडा मूळ फाइलशी जुळणार नाही. जाळपोळीचे, अपघाताचे, लाठीमाराचे चित्रण असलेले कार्ड त्या रात्री फॉरमॅट करायचे नाही, कॅमेऱ्याची तारीख-वेळ बरोबर ठेवायची आणि पाठवायची असेल ती प्रत, मूळ नव्हे, ही शिस्त म्हणून स्टुडिओत रुजायला हवी.

सुरक्षा आणि छायाचित्रण एकमेकांच्या विरोधात आहेत, हा समज तर मुंबईनेच खोटा ठरवला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री ‘मुंबई मिरर’चे छायाचित्र संपादक सेबॅस्टियन डिसूझा समोरच्या कार्यालयातून छत्रपती शिवाजी टर्मिनसवर धावले आणि उभ्या गाडीच्या डब्यातून त्यांनी हल्लेखोर कसाबचे फोटो काढले. पुढे खटल्यात त्यांनी साक्ष दिली. त्या रात्री स्थानकात कॅमेरा चालवायला मनाई झाली असती, तर देशाकडे ते छायाचित्र नसते.

ब्रिटननेही हा धडा उशिरा का होईना, घेतला. तिथे दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४४ खाली कसलाही संशय नसताना लोकांना थांबवून झडती घेतली जाई आणि छायाचित्रकार त्यात नेहमी सापडत. २००३ मध्ये लंडनमध्ये शस्त्रप्रदर्शनाबाहेर अडवलेल्या दोघांनी, त्यांत एक पत्रकार होती, थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालय गाठले आणि १२ जानेवारी २०१० रोजी ते जिंकले. त्याच महिन्यात छायाचित्रकार लंडनच्या ट्राफल्गार चौकात मोठ्या संख्येने जमले. त्या वर्षीच्या जुलैत सरकारला त्या अधिकाराचा वापर आवरावा लागला. तिथे छायाचित्रकार संघटित होते. त्यांनी पोलिसांकडून लेखी मार्गदर्शन मिळवले आणि त्याची छोटी कार्डे खिशात ठेवली.

हक्काची ही बाजू मांडताना दुसरी बाजू झाकून चालणार नाही. रस्त्यावरचा माणूस दिसतो म्हणून तो छायाचित्रकाराच्या मालकीचा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला आहे. स्त्रीच्या खासगी क्षणाचे चोरून चित्रण (भारतीय न्याय संहिता, कलम ७७), बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे (त्याच संहितेचे कलम ७२) आणि कायद्याच्या प्रक्रियेत आलेल्या बालकाची ओळख देणे (बाल न्याय कायदा, कलम ७४) हे गुन्हे आहेत. यापलीकडे कायदा जिथे गप्प बसतो तिथे माणुसकीने बोलायला हवे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या दारात चौथ्या दिवशी लेन्स रोखली जाते, तेव्हा त्या घरच्या बाईच्या होकाराशिवाय शटर दाबू नये. बंदच्या गर्दीचे फोटो सरसकट सोशल मीडियावर टाकताना, त्यातला रस्त्याच्या कडेला नुसता उभा असलेला पोरगा उद्या कोणाच्या यादीत जाईल, याचाही विचार व्हावा. चेहरे धूसर करून प्रत प्रसिद्ध करावी आणि मूळ फाइल न्यायालयासाठी तशीच ठेवावी. दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

कायद्याच्या संरक्षणातही एक भोक आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या माध्यमकर्मी संरक्षण कायद्यात हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून तपास आहे. पण तो माध्यमसंस्थेत नोकरीवर किंवा करारावर असलेल्यांसाठी आहे. लग्नाच्या ऑर्डरवरून परतताना चौकातला लाठीमार टिपणारा मानवतचा किंवा पाथरीचा स्टुडिओवाला त्यात बसत नाही. त्याच्या पाठीशी तालुक्याच्या संघटनेखेरीज कोणी नाही.

संघटनांनी हाती घ्यावे असे एक काम समोर आहे. सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी २ फेब्रुवारीला परभणीत सुरू होतो. लाखो लोक, पोलिसांचा मोठा बंदोबस्त आणि जिल्हाभरातले कॅमेरे त्या मैदानात एकत्र येतात. त्याआधी जिल्ह्यातल्या सर्व छायाचित्रकार संघटनांनी मिळून जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांना एक संयुक्त अर्ज द्यावा : जिल्ह्यात छायाचित्रणाला मनाई असलेली ठिकाणे कोणती, कोणत्या आदेशाने, किती मुदतीसाठी, ड्रोनची सूचना कोणाकडे द्यायची, वाद झाल्यास कोणत्या अधिकाऱ्याला फोन करायचा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याला ३० दिवसांची मुदत आहे. येणारी यादी छापून जिल्ह्यातल्या प्रत्येक स्टुडिओत, दरपत्रकाशेजारी लावता येईल.