गाडीचा कॉम्प्युटर बंद पडला तर ब्रेक लागणार का? उत्तर एका बारक्या व्हॉल्व्हमध्ये आहे

१० सप्टेंबर २०२४ ला बीएमडब्ल्यूने जाहीर केलं की, आपल्या १५ लाखांहून जास्त गाड्यांच्या ब्रेक सिस्टीममध्ये गडबड असू शकते. त्यातल्या ३ लाख २० हजार गाड्या तर अजून गिऱ्हाइकांच्या हातातही पडल्या नव्हत्या. त्यांची डिलिव्हरी थांबवली गेली. त्याच दिवशी कंपनीचा शेअर दहा टक्क्यांहून जास्त आपटला. ही सिस्टीम बनवणाऱ्या कॉन्टिनेंटलच्या शेअरचेही तेच हाल झाले.

कॉन्टिनेंटलचं म्हणणं होतं की, एका इलेक्ट्रॉनिक पार्टच्या कामात बिघाड येऊ शकतो, पण ब्रेकची दुसरी व्यवस्था गाडीत आहेच. आता ही दुसरी व्यवस्था म्हणजे नेमकं काय, आणि ती किती कामाची, हे समजून घ्यायचं तर पेडलपासून चाकापर्यंतचा प्रवास बघावा लागतो.

जुन्या गाडीत हा प्रवास सरळ होता. तुम्ही पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळीतून पुढे ढकललं जायचं, आणि चाकापाशी ब्रेक पॅड डिस्कला चिकटायचे. मध्ये कुणी नाही. पाय जेवढा जोर देईल तेवढा ब्रेक.

१९७८ मध्ये बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये एबीएस आणलं आणि या नळीच्या वाटेवर चौकीदार बसले. हे चौकीदार म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह. करंट मिळाला की चुंबकाच्या जोरावर आतली दांडी सरकते, करंट गेला की स्प्रिंग तिला परत जागेवर आणते. आजच्या साधारण एबीएसमध्ये प्रत्येक चाकाला असे दोन व्हॉल्व्ह असतात, म्हणजे चार चाकांचे आठ. गाडी घसरू नये म्हणून ईएससी असेल तर आणखी चार, एकूण बारा. हे सगळे तुमच्या मुठीएवढ्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसवलेले असतात.

ओल्या रस्त्यावर तुम्ही जोरात ब्रेक मारला आणि चाक लॉक व्हायला लागलं, तर आत येणारा व्हॉल्व्ह बंद होतो आणि बाहेर सोडणारा उघडतो. चाकावरचा दाब कमी होतो, चाक पुन्हा फिरायला लागतं, की परत दाब. हे सगळं सेकंदाला अनेक वेळा. बाहेर सोडलेलं ऑइल पंप मागे मास्टर सिलिंडरकडे ढकलतो, म्हणून पेडल पायाखाली थरथरतं आणि कर्र कर्र आवाज येतो. बरेच लोक या थरथरीला घाबरून पाय उचलतात. तसं करू नका, तेव्हाच पाय घट्ट दाबून ठेवायचा असतो.

आता खरी गंमत. आत येणारा व्हॉल्व्ह करंट नसताना उघडा असतो आणि बाहेर सोडणारा बंद. म्हणजे फ्यूज उडाला, वायर तुटली, कॉम्प्युटर मेला, तरी स्प्रिंग दोन्ही व्हॉल्व्हना अशा जागी आणते की पाय ते चाक हा जुना सरळ रस्ता मोकळा होतो. एबीएस जातं, ब्रेक राहतो. माझ्या मते या अख्ख्या सिस्टीममधला सगळ्यात शहाणा निर्णय हाच आहे, आणि तो सॉफ्टवेअरमध्ये नाही, एका स्प्रिंगमध्ये आहे.

बीएमडब्ल्यूच्या गाड्यांमधली सिस्टीम याच्या एक पाऊल पुढची. तिथे रोजच्या वापरात पायाचा आणि चाकाचा थेट संबंधच नसतो. तुम्ही पेडल दाबता, सेन्सर ते मोजतो, आणि एक इलेक्ट्रिक मोटर ऑइलवर दाब तयार करते. तुमच्या पायाला जो कडकपणा जाणवतो तो मुद्दाम तयार केलेला असतो, त्यासाठी वेगळं स्प्रिंगचं यंत्र आत असतं. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना हे फार सोयीचं, कारण तिथे ब्रेकचं थोडं काम मोटर करते आणि त्यातून बॅटरी चार्ज होते. उरलेलं काम किती, हे क्षणोक्षणी ठरवावं लागतं.

मग इथे करंट गेला तर? पुन्हा तेच तत्त्व. पाय आणि चाक वेगळे ठेवणारे व्हॉल्व्ह करंट मिळेपर्यंतच बंद असतात. करंट गेला की ते उघडतात आणि तुमचा पाय थेट चाकाला जोडला जातो. कॉन्टिनेंटल म्हणत होतं ती दुसरी व्यवस्था साधारण अशी.

पण इथे एक मोठा 'पण' आहे. तेव्हा मोटरची मदत नसते, सगळा जोर तुमच्या पायाचा. एबीएस आणि ईएससीसुद्धा बंद असू शकतात. कायदा अशा वेळी किती ब्रेक मागतो? अमेरिकेच्या नियमात आणि संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच नियमात आकडा एकच आहे. ताशी १०० किलोमीटरवरून येणारी गाडी नेहमीच्या ब्रेकने ७० मीटरच्या आत थांबली पाहिजे. मदत गेल्यावर मात्र १६८ मीटरपर्यंत चालतं. आणि त्यासाठी पेडलवर ५०० न्यूटनपर्यंत जोर लागला तरी नियमात बसतं, म्हणजे साधारण ५० किलोचं वजन एका पायाने दाबल्यासारखं.

चांगल्या गाड्या याहून लवकर थांबतीलही. पण फरक बघा, जवळपास ९८ मीटर जास्त, म्हणजे पाच क्रिकेट पिच एकापुढे एक. एक्स्प्रेस वेवर पुढे ट्रक उभा असेल तर 'ब्रेक फेल नाहीत' हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरं असून उपयोग नाही. म्हणूनच कंपन्या 'बॅकअप आहे' म्हणतात तेव्हा बॅकअप किती मीटरचा, हा प्रश्न विचारायला हवा.

व्हॉल्व्हचा हा ठोकळा वेगळ्या कारणानेही बातम्यांत आला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत मिळून सुमारे ३३ लाख ७० हजार गाड्या रिकॉल केल्या. तिथे या ठोकळ्याच्या आत ब्रेक ऑइल झिरपून शॉर्ट सर्किट होण्याची भीती होती. गाडी उभी असतानाही आग लागू शकते, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत ती घराबाहेर, मोकळ्या जागी लावा, असं मालकांना सांगितलं गेलं. दुरुस्ती काय, तर नवा फ्यूज. करंट मर्यादेत राहतो, आग टळते. गळती मात्र तिथेच राहते. त्यावर टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते.

हे दोन्ही किस्से परदेशातले असले तरी ठोकळा तुमच्या गाडीतही आहे. भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचं आहे. आणि आपल्याकडे त्याचा शत्रू सॉफ्टवेअरपेक्षा जास्त करून जुनं ब्रेक ऑइल असतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पुरेसं पाणी शोषल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत येतो. वरंध किंवा खंबाटकी उतरताना सतत ब्रेकवर पाय असेल तर ऑइलला वाफ धरते, आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. वाफ दाबली जाते, व्हॉल्व्ह कितीही हुशार असला तरी. शिवाय पाण्याने आतल्या बारीक भागांना गंज चढतो. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात, आणि आपण इंजिन ऑइल बदलून खुश असतो.

गॅरेजवाल्याला एक विचारा. ठोकळ्यात हवा शिरली असेल तर बऱ्याच गाड्यांत ती नुसतं पेडल मारून निघत नाही, स्कॅनर लावून आतले व्हॉल्व्ह उघडावे लागतात. तो स्कॅनर त्याच्याकडे आहे का?

आणि डॅशबोर्डवर फक्त एबीएसचा पिवळा दिवा लागला असेल तर साधा ब्रेक सहसा चालू असतो, पुढच्या गाडीपासून लांब राहून गॅरेज गाठता येतं. लाल दिवा लागला किंवा पेडल एकदम दगडासारखं कडक झालं, तर पाय पूर्ण ताकदीने दाबा, गाडी बाजूला घ्या आणि टोइंगवाल्याला फोन करा.