आयोवा सिटीचे प्रेक्षक आणि आपले वाचक

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील आयोवा सिटी हे गाव साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. तेथील राज्य विद्यापीठात 1936 साली 'रायटर्स वर्कशॉप' सुरू झाली, 1967 साली पॉल एंगल आणि ह्वालिंग न्ये यांनी आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम उभारला आणि 2008 साली युनेस्कोने या गावाला 'साहित्यनगरी' म्हटले. दिलीप चित्रे 1975 साली याच लेखन कार्यक्रमासाठी तेथे गेले होते. साहजिकच मराठी वाचकाच्या मनात हे गाव असते ते लेखकांचे गाव म्हणून. मार्च महिन्यात शनिवार-रविवार साधून तेथे जाणाऱ्याला मात्र वेगळेच गाव भेटते. शिकागोहून साडेतीन तास सपाट शेतांमधून गाडी हाकत यावे, तर हॉटेलात खोली नाही आणि निम्मे गाव काळ्या-पिवळ्या कपड्यांत. बास्केटबॉलच्या राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धेचे ते दिवस असतात.

येथे थोडा तपशील आवश्यक आहे. पुरुषांच्या स्पर्धेचे सामने तटस्थ ठिकाणी, बहुधा मोठ्या शहरांत होतात. महिलांच्या स्पर्धेत मात्र 68 संघांपैकी वरच्या 16 मानांकितांना पहिल्या दोन फेऱ्या आपल्याच मैदानावर भरवता येतात. म्हणजे स्पर्धा खऱ्या अर्थाने विद्यापीठाच्या गावात येते ती मुलींच्या खेळामुळे. (ही स्पर्धा 1982 पासून भरते, पण 'मार्च मॅडनेस' हे प्रसिद्ध नाव तिला वापरू दिले गेले ते 2022 साली. तोवर ते पुरुषांपुरतेच राखीव होते!) 2024 च्या मार्चमध्ये 23 आणि 25 तारखेला आयोवाच्या मुलींनी होली क्रॉस आणि वेस्ट व्हर्जिनिया यांना येथेच हरवले. त्या संघात केटलिन क्लार्क होती. त्याच महिन्याच्या आरंभी तिने पीट मॅराविच यांचा 3,667 गुणांचा, पुरुषांच्या खात्यातील जुना विक्रम मोडला होता.

सामने होतात ते कार्व्हर-हॉकआय अरिनात. साहित्याचा विद्यार्थी येथे हमखास फसतो. त्याला वाटते, रेमंड कार्व्हरचे नाव दिले असावे. तो येथे काही काळ शिकला होता आणि पुढे शिकवूनही गेला. प्रत्यक्षात हे नाव रॉय कार्व्हर या उद्योगपतीचे आहे. नदीच्या पश्चिमेला टेकडीच्या पोटात बांधलेल्या या वास्तूत आपण वरच्या कडेने शिरतो आणि मैदान एकदम खोल खाली दिसते. जवळपास पंधरा हजार लोक चारी बाजूंनी त्याकडे पाहत असतात. या गर्दीत साठी-सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरते. त्या नुसत्या टाळ्या वाजवत नाहीत. चेंडू हातात नसलेली मुलगी कोठे सरकते आहे, पास अर्धा क्षण उशिरा का गेला, यावर त्यांची आपसांत चर्चा चाललेली असते. आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत पुढे बसणारी, सम येण्याआधीच मान हलवणारी मंडळी असतात, त्याच जातीचे हे लोक.

हे लोक आले कोठून? 2024 साली सगळी वर्तमानपत्रे 'केटलिन क्लार्कचा चमत्कार' म्हणून लिहीत होती. अंतिम सामन्यात आयोवा हरली; पण तो सामना 1 कोटी 85 लाखांहून अधिक लोकांनी पाहिला, पुरुषांच्या अंतिम सामन्याहून कितीतरी जास्त. चमत्कार हा शब्द मला मात्र पटत नाही. आयोवा राज्यात मुलींचा बास्केटबॉल एका वेगळ्याच पद्धतीने खेळला जाई. संघात सहा मुली. तीन आक्रमणाच्या, तीन बचावाच्या. कोणीही मधली रेषा ओलांडायची नाही, चेंडू हातात आल्यावर दोनच टप्पे टाकायचे, आणि गुण मिळवायचे ते फक्त आक्रमणाच्या तिघींनी. 'मुलींना झेपेल असा' म्हणून घडवलेला हा खेळ. त्यामागची दृष्टी उघडच संकुचित होती. परंतु खेड्यापाड्यांतल्या शाळांनी तो मनापासून आपला केला. 1925 साली राज्याच्या शालेय क्रीडासंघटनेने मुलींच्या स्पर्धेतून अंग काढून घेतले, तेव्हा लहान गावांतल्या शाळाप्रमुखांनी मुलींसाठी स्वतंत्र संघटना काढली आणि स्पर्धा चालू ठेवली. पुढे 1968 च्या राज्य अंतिम सामन्यात डेनिस लाँगने 64 आणि प्रतिस्पर्धी जेनेट ओल्सनने 76 गुण केले. त्या भागात ही गोष्ट अजून सांगितली जाते. सहा जणींचा हा खेळ 1993 पर्यंत चालला. आयोवाच्या आजच्या प्रशिक्षक जॅन जेन्सन त्याच खेळात वाढल्या. 1987 साली, शाळेच्या शेवटच्या वर्षी, त्यांची सरासरी होती सामन्याला 66 गुण.

त्या हजारो मुलींपैकी बहुतेक जणी पुढे खेळाडू झाल्या नाहीत. त्या शिक्षिका झाल्या, शेती पाहू लागल्या, बँकेत गेल्या. पण खेळ हाताने केलेला असल्यामुळे तो पाहण्याची त्यांची नजर तयार झाली. 1985 च्या फेब्रुवारीत ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला याच अरिनात 22,157 लोक आले होते, म्हणजे क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक. तेव्हा केटलिन क्लार्कचा जन्मही झालेला नव्हता. प्रेक्षक आधी होता. प्रतिभा नंतर आली.

आता नदी ओलांडून पूर्वेला, पुस्तकांच्या बाजूला यावे. सृजनात्मक लेखन शिकवता येते का, हा आपल्या चर्चासत्रांतला लाडका प्रश्न. 'वर्कशॉप'चे समर्थक फ्लॅनरी ओ'कॉनरचे नाव घेतात, विरोधक साच्यातल्या कथांकडे बोट दाखवतात. दोन्ही पक्ष मोजतात ते लेखकच. माझ्या मते हा हिशेबच चुकीच्या रकान्यात मांडला जातो. लेखनवर्गातले बहुसंख्य विद्यार्थी लेखक होत नाहीत. सहा जणींच्या खेळातल्या मुलींप्रमाणे तेही इतरत्र पांगतात. त्यांनी एक तरी परिच्छेद दहा वेळा खोडून लिहिलेला असतो आणि त्यामुळे दुसऱ्याच्या परिच्छेदात कोठे काय साधले आहे हे त्यांना दिसू शकते. लेखनवर्गाचे समर्थन करायचे तर ते या न झालेल्या लेखकांच्या आधारे करावे.

यावर आक्षेप येईल की खेळामागे दूरचित्रवाणीचा पैसा आहे, साहित्यामागे तो नाही. हे आज खरे आहे. पण 1925 साली त्या खेड्यांकडे दूरचित्रवाणी कोठे होती? उलट साहित्याला बराच काळ शासनाचा हात होता आणि तो सुटला की काय होते, तेही याच गावात दिसले. 2025 च्या फेब्रुवारी अखेरीस अमेरिकी परराष्ट्र खात्याने आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाची अनुदाने एका पत्राने रद्द केली. शरद ऋतूतला लेखकांचा निवास लहान प्रमाणात चालू राहील असे कार्यक्रमाने जाहीर केले. तरुणांसाठीचे काही उपक्रम मात्र थांबले. लेखकांवर अन्याय झाला यात शंका नाही, आणि त्याचा निषेध व्हायलाच हवा. पण त्या पत्रानंतर किती वाचक अस्वस्थ झाले असतील, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे कथालेखन शिबिरे वाढली, काव्यस्पर्धा वाढल्या, संमेलनांच्या मांडवांची लांबी वाढली. मराठीच्या वर्गात मात्र कविता ओळीओळीने वाचण्याचा तास अभ्यासक्रम 'पूर्ण' करण्याच्या घाईत गेला. विद्यार्थ्याने स्वतः आठ ओळी लिहून पाहाव्यात आणि मग मर्ढेकर वाचावेत, असे आपण क्वचितच सांगतो. त्याला गुण कोणत्या सदराखाली द्यायचे, हाच आधी प्रश्न पडतो. आपल्या विभागांतून पदवी घेऊन बँकेत, तहसील कचेरीत, शाळांत गेलेल्या मुली आज काय वाचतात आणि त्यावर आपसांत काय बोलतात, याची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली आहे?