डोंगराचा नकाशा गावाने काढावा, पण गाव म्हणजे कोण?

जंगल वाचवायचं की शेती, हा प्रश्न डोंगरातल्या माणसापुढे नेहमी बाहेरचेच टाकतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तो खोटा ठरवला. वनहक्क कायदा 2006 नुसार या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही आला. काय तोडायचं, काय राखायचं, हे ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. जंगल टिकलं, पोटही भरलं.

मग आपण डोळे झाकून 'ग्रामसभा ठरवेल' म्हणायचं का? 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगाथेवर कठोर टीका केली होती. मेंढा एका समाजाचं गाव आहे. आपली बहुतेक गावं तशी नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात सह्याद्रीतल्या एका गावात जमीन वापराच्या नियोजनाची बैठक होती. राखीव जंगलाचा हिरवा रंग नेमका त्या उतारावर पडला, जिथं आपली चार घरं नाचणी-वरई पिकवतात. ती माणसं बैठकीत होती, पण दारापाशी उभी. ठराव 'एकमताने' झाला.

वनहक्क समितीत दोन तृतीयांश जागा आदिवासींना आणि एक तृतीयांश महिलांना आहेत, त्या हव्यातच. दलितांसाठी मात्र एकही राखीव जागा नाही. वर बिगर-आदिवासींना 75 वर्षांची अट. 'एवढी वर्षं हाच तुकडा कसल्याचा कागद दाखवा' म्हणत दावे फेटाळले जातात. हे चूक आहे. 75 वर्षं त्या भागात राहण्याची आणि जंगलावर अवलंबून असण्याची आहेत. कसणूक 13 डिसेंबर 2005 पूर्वीची पुरते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो.

दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाने जमीन मागितली. आज जमिनीसोबत नकाशावरची पेन्सिलही मागायला हवी. म्हणून कार्यकर्त्यांनो, आधी भूमिहीनांचे दावे भरा, मग हिरवा रंग भरू द्या. बैठक वस्तीत घ्या, बायकांना आधी बोलू द्या. आदिवासी बांधवांशी भांडण नको. लढाई एकच आहे. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा बेदखलीचा आदेश आला, तेव्हा टांगती तलवार दोघांच्याही मानेवर होती. त्याला स्थगिती मिळाली, पण तलवार अजून उतरलेली नाही.

दारापाशी उभा असलेला माणूस आत येऊन बसेल, तेव्हाच ते गावाचं नियोजन. तोवर तो वरच्या आळीचा नकाशा.

जय भीम!