गोखले आणि शाहू छत्रपति : एका ध्येयाचे दोन वारसे

थोर पुरुषांची तुलना निघाली कीं ज्याच्या त्याच्या जातीचें पारडें आपोआप जड होतें. नामदार गोपाळ कृष्ण गोखले आणि शाहू छत्रपति यांच्याविषयीं हें विशेष घडतें. गोखल्यांचें नांव आपल्या घरांत अभिमानानें निघतें. महाराजांचें नांव निघतांच वेदोक्ताचा वाद आठवून कांहीं वडील मंडळी अद्यापि गप्प होतात. म्हणून या दोघांचा वारसा आम्ही आज शेजारीं शेजारीं मांडून पाहतों.

दोघांचाहि संबंध कागलशीं यावा, हा योगायोगच. गोखल्यांचा जन्म १८६६ सालीं कोतळूक येथें झाला. त्यांचे वडील कागल संस्थानांत नोकरीस होते. १८७९ सालीं वडील वारले, तेव्हां थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावास पाठवूं लागले. १८८४ सालीं गोपाळराव बी. ए. झाले. त्याच वर्षीं कागलच्या घाटगे घराण्यांतील एक मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. तेच पुढें शाहू छत्रपति झाले.

प्रत्येक मुलास अक्षरओळख व्हावी, हें दोघांचेंहि ध्येय. गोखल्यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. मागणी अगदीं बेताची होती : जेथील स्थानिक संस्था तयार असतील तेथेंच, आणि तूर्त ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांपुरती. तरीहि सरकारी सभासद व कित्येक जमीनदार आडवे आले आणि १९१२ सालीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. १९१५ सालीं गोखले निवर्तले. पुढें दोनच वर्षांनीं महाराजांनीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दंड ठेवला.

एवढ्यावरून एकास यशस्वी व दुसऱ्यास अपयशी म्हणणें न्यायाचें नव्हे. एकास मतें मागावीं लागलीं, दुसऱ्याचा शब्द हाच हुकूम होता. परंतु राजाचा हुकूम संस्थानच्या शिवेपाशीं थांबतो. कायद्याची मागणी हरली तरी पुन्हां उठते. १९१८ सालीं मुंबई इलाख्यांत सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला, आणि २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस तो हक्क मिळाला.

मग महाराजांचा वेगळा वारसा तो कोणता? १९०१ पासून त्यांनीं निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभारविलीं, आणि १९०२ सालीं संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांकरितां राखल्या. या राखीव जागांविषयीं आपल्या घरांत आजहि कुरकुर ऐकूं येते. तेव्हां आमची विनंती इतकीच कीं, गोविंदरावांचे ते ८ रुपये आठवावे. गोखल्यांची बुद्धि अलौकिक खरीच. पण तिच्यामागें विद्येची किंमत जाणणारें एक घर उभें होतें. एकत्र कुटुंब हेंच आपल्या मुलांचें वसतिगृह होतें आणि तीच आपली राखीव जागा होती. जेथें पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिरूं दिलें गेलें नाहीं, तेथील मुलानें गोविंदराव कोठून आणावा? ती थोरल्या भावाची जागा महाराजांनीं भरून काढली.

गोखल्यांनीं शाळेचें दार सर्वांसाठीं उघडा म्हणून सांगितलें. त्या दारापर्यंत पोहोंचण्याची शिदोरी महाराजांनीं दिली. आपल्या मुलांना ही हकीकत सांगतांना दोन्ही नांवें एकाच दमांत घ्यावीं, असें आम्हांस वाटतें.