खड्डा खणण्याआधी झाड ठरवा

रस्त्याच्या कडेला कोणतं झाड लावायचं, हे आपल्या वाशीम जिल्ह्यात आजही रोपवाटिकेत काय शिल्लक आहे यावर ठरतं. जूनमध्ये उद्दिष्टाचा आकडा येतो, खड्डे खणले जातात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून रोपं येतात आणि हाती येईल ते मातीत जातं. गुलमोहर, काशिद, पेल्टोफोरम, मध्येच थोडे कडुनिंब आणि करंज. पुढच्या उन्हाळ्यात त्यातली किती जगली याची चौकशी होते. त्या जागी तेच झाड का लावलं, ही चौकशी मात्र कोणी करत नाही. माझ्या मते पहिली चौकशी तीच व्हायला हवी.

मोजदादीची साधनं आपल्याकडे आली आहेत. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२० मध्ये ‘हरित पथ’ हे अ‍ॅप आणलं. लावलेल्या झाडाचं ठिकाण, त्याचा फोटो, त्याची वाढ, सगळं त्यात नोंदवता येतं. त्याआधी २०१५ च्या हरित महामार्ग धोरणाने प्रकल्प खर्चाचा एक टक्का झाडांसाठी राखून ठेवायला सांगितलं होतं. म्हणजे पैशाची सोय झाली, नोंदीचीही झाली. लावण्याआधी योग्य झाड सुचवणारं साधन जिल्ह्याच्या कामात मला अजून दिसलेलं नाही.

बाहेरच्या देशांत अशी साधनं चांगली रुळली आहेत. अमेरिकेच्या वनसेवेने २००६ मध्ये ‘आय-ट्री’ हा संच सर्वांसाठी मोफत खुला केला. त्यातल्या एका भागात आपण गावाचं नाव आणि झाडाची चालेल तेवढी उंची भरायची. सावली, स्वच्छ हवा, पाणी अडवणं यांतलं आपल्याला काय जास्त हवं ते सांगायचं. तो झाडांची क्रमवार यादी पुढे ठेवतो. ऑस्ट्रेलियात मॅक्वेरी आणि वेस्टर्न सिडनी विद्यापीठांच्या संशोधकांनी उभं केलेलं ‘व्हिच प्लँट व्हेअर’ त्याहून पुढचं विचारतं: आज जगणारं हे झाड पुढच्या काही दशकांतल्या उन्हात जगेल का? मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात जाणाऱ्या आपल्या भागाने हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. आपल्याकडे पश्चिम घाटासाठी ‘डायव्हर्सिटी फॉर रिस्टोरेशन’ हे साधन देशी झाडांच्या निवडीसाठी तयार झालं आहे. पण घाटातली यादी वऱ्हाडाच्या मातीत उतरवून भागणार नाही. आपली यादी आपल्यालाच करावी लागेल.

ती किती बारकाईची असावी लागते, हे अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड या १६१ क्रमांकाच्या महामार्गावर उभं राहिलं की कळतं. नकाशात रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन दिसते. प्रत्यक्षात रस्त्याचा भराव मुरमाचा आणि रोलरने दाबून घट्ट केलेला असतो. त्या उतारावर खणलेल्या खड्ड्यात पाणी मुरत नाही, मूळ खाली उतरत नाही. तिथे खैर, अंजन, सीताफळ अशी मुरमाड रानात वाढणारी झाडं हवीत. भरावाच्या पायथ्याशी पावसाळाभर पाणी तुंबून राहतं. तिथे लावलेला कडुनिंब मुळापासून कुजतो. करंज आणि अर्जुन टिकतात. आणखी दहा पावलांवर, शेताच्या धुऱ्यालगत, खरी काळी माती लागते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कोवळी मुळं त्या भेगांत तुटतात. बाभूळ आणि हिवर तिथे तग धरतात. वरून विजेची तार जात असेल तर चिंच आणि वड बाद, नाहीतर दर वर्षी महावितरणची माणसं येऊन शेंडा छाटणार. तिथे बहावा किंवा आपटा बरा. दुभाजकात कण्हेर लावतात ते बरोबरच आहे, समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत अडतो आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. एकाच ठिकाणी, रस्त्याच्या मध्यापासून धुऱ्यापर्यंत, इतकी वेगवेगळी उत्तरं निघतात. सरसकट गुलमोहर लावणाऱ्याला यातलं एकही उत्तर ठाऊक नसतं. मादागास्करहून आलेलं ते झाड फुलतं सुंदर, पण त्याची मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, आणि वळवाच्या वाऱ्यात त्याची फांदी थेट रस्त्यावर येते.

हे ज्ञान नव्याने शोधायचं नाही, विखुरलंय ते एकत्र करायचं आहे. विदर्भातल्या मातीचे नकाशे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेकडे आहेत. पावसाची आणि तापमानाची मंडळनिहाय नोंद महावेधची केंद्रं ठेवतात. वाशीम अकोल्यातून वेगळा झाला १९९८ मध्ये. त्याआधी दहा वर्षं, १९८८ मध्ये, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने कांबळे आणि प्रधान यांचा ‘फ्लोरा ऑफ अकोला डिस्ट्रिक्ट’ प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्या तालुक्यांतल्या वनस्पतींची नोंद तेव्हाच झालेली आहे. कोणतं झाड रस्त्यापासून किती अंतरावर असावं, हे इंडियन रोड्स काँग्रेसची २००९ ची मार्गदर्शिका सांगते. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ शेजारी आहे, करड्याचं कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे. एवढी सामग्री एका फोनमध्ये आणायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. शाखा अभियंत्याने खड्ड्याच्या जागी उभं राहून माती, पाणी, तार आणि रस्त्याची रुंदी भरायची, पाच झाडांची नावं मिळवायची, इतकंच काम आहे.

आणि काही जागी त्या साधनाने ‘इथे झाड लावू नका’ असं सांगायलाच हवं. कारंजा-सोहोळ अभयारण्य सुमारे १८ चौरस किलोमीटरचं, काळविटांसाठी राखलेलं. काळविटाला उघडा गवताळ माळ लागतो. अकोला-वाशीमच्या माळांवर तणमोरासारखा दुर्मिळ पक्षी गवतातच अंडी घालतो, आणि ते गवत राखण्यासाठी इथले फासेपारधी बांधव कारंज्याच्या ‘संवेदना’ संस्थेसोबत कष्ट घेत आले आहेत. अशा माळाला ओसाड समजून तिथे ग्लिरिसिडिया लावणं म्हणजे असलेलं रान मोडणं. तिथे मारवेल, पवन्या, कुसळी यांचं बी टाका किंवा काहीच टाकू नका. समृद्धी महामार्ग याच भागातून, कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने गाड्या धावतात त्या रस्त्याच्या अगदी कडेला उंबर, कवठ, जांभूळ लावून प्राणी-पक्ष्यांना बोलावणं क्रूरपणाचं आहे. हीच झाडं गावरस्त्याला लावली तर मुलांना आणि पाखरांना खाऊ मिळतो.

काही गोष्टी मात्र कोणत्याही उपग्रहाला दिसत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये धुऱ्याला काडी लावली जाते आणि रस्त्याकडेची दोन वर्षांची रोपं एका दुपारी करपतात. पळस जळूनही पुन्हा फुटतो, बाकीची बहुतेक जातात. मोठ्या झाडाची सावली सोयाबीनवर पडली की तास खुरटतं, म्हणून शेतकरी त्या झाडाच्या जिवावर उठतो. त्याच्या नुकसानीचा विचार न करता त्याला दोष देणं मला पटत नाही. शेताच्या अंगाला डेरेदार झाड नको, सरळ वाढणारं किंवा शेंगा-फळं देणारं हवं, आणि त्या उत्पन्नावर हक्क त्याच शेतकऱ्याचा असावा. साधनात ‘आग लागते का’, ‘बकऱ्या येतात का’, ‘शेजारी पीक कोणतं’ हे रकाने असायलाच हवेत, आणि ते भरायला गावातलाच माणूस हवा. रोजगार हमीवर झाडांना पाणी घालणाऱ्या बाईला कोणता खड्डा दर वर्षी रिकामा होतो हे जितकं ठाऊक असतं, तितकं कार्यालयात कोणाला ठाऊक नसतं.

निवड जूनमध्ये करून काही उपयोग नाही. रस्त्याकडेला टिकेल असं उंच रोप तयार व्हायला रोपवाटिकेत दीड-दोन वर्षं जातात, म्हणून यादी बी टाकण्याआधी ठरली पाहिजे. चिंचेचं बी उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळतं, बहाव्याच्या शेंगाही त्याच सुमारास वाळतात, करंजाच्या शेंगा त्यानंतर. निंबोळी जून-जुलैत पडते आणि तिची उगवणशक्ती काही आठवडेच टिकते. ही वेळ चुकली की पुन्हा जे असेल ते लावावं लागतं. म्हणून सामाजिक वनीकरण विभागाने आणि जिल्हा परिषदेने आपल्या रोपवाटिकांत कोणत्या झाडाची किती रोपं वाढत आहेत, ती कोणत्या रस्त्यासाठी आहेत, याची यादी दर वर्षी जानेवारीत जाहीर करावी. आणि वाचकहो, येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आपण एवढं जरूर विचारा: आमच्या गावच्या रस्त्यासाठी यंदा कोणतं बी टाकणार आहात, आणि तेच का?