गोळी, हिरड्या आणि हंसूं

फेफरें हा विकार जितका जुना, तितकीच त्याविषयींची आमची लाजही जुनी आहे. कांद्याचा वा जोड्याचा वास देणारे पुष्कळ. परंतु नियमित औषध देणारे, व तें उघडपणें सांगणारे, थोडे. आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प नंबर २ मध्यें भिंतीस भिंत लागून घरें आहेत. एकाकडे पाहुणा आला कीं दहा घरांस कळतें. हा आजार मात्र लपविला जातो.

या लाजेंतून होणाऱ्या एका हानीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. फेनिटॉइन हें औषध १९३८ सालीं मेरिट व पुटनम या अमेरिकन डॉक्टरांनीं फेफऱ्यावर गुणकारी ठरविलें. परंतु १९३९ सालींच किंबॉल यांनीं दाखवून दिलें कीं, तें घेणाऱ्या कित्येकांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. हें औषध स्वस्त असल्यानें आपल्या देशांत आजही पुष्कळांस दिलें जातें. घेणाऱ्यांपैकीं सुमारें निम्म्यांस कमीअधिक प्रमाणांत हा त्रास होतो. मुलांत व तरुणांत विशेष, आणि तोही समोरच्या दातांवर. दातांवर किटण सांचलें कीं ही वाढ अधिकच बळावते.

असा मुलगा हंसतांना तोंडावर हात धरतो, वर्गांत मोठ्यानें वाचीत नाहीं, आणि एके दिवशीं गुपचूप गोळी टाकून देतो. खरें संकट येथेंच आहे. गोळी एकाएकीं बंद केल्यास झटक्यामागून झटके येऊन प्राणावर बेतूं शकतें. हिरड्या पुन्हां नीट करतां येतात. गेलेला प्राण परत आणतां येत नाहीं.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, डॉक्टरांस विचारल्याविना गोळी कदापि सोडूं नये. दोन वेळां मऊ ब्रशानें दात घासावे, दंतवैद्याकडून वेळोवेळीं किटण काढून घ्यावें, व कोणती गोळी चालू आहे हें त्यांस न लाजतां सांगावें. वाढ फार झाल्यास ती कापून काढतां येते. हिरड्यांस क्वचितच बाधणारीं दुसरीं औषधेंही आज आहेत. मुंबईचें शासकीय दंत महाविद्यालय तर आपल्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आहे.

मार्ककृत शुभवर्तमानांतील पित्यानें आपला झटके येणारा मुलगा लपविला नाहीं. भर लोकसमुदायांत त्यानें त्यास प्रभूपुढें आणलें, व प्रभूनें त्यास हात धरून उठविलें. रोग बरा करणें आपल्या हातीं नसेल. हात धरणें तरी आहे. ज्या वर्गांत सुजलेल्या हिरड्यांस कोणी हंसत नाहीं, त्या वर्गांतील मुलास गोळी टाकून देण्याचें कारण उरत नाहीं.